बँकवाल्या काकांची किल्ली

बँकवाल्या काकांच्या गाडीची किल्ली हरवली, हे गल्लीला गुरुवारी कळलं. ती हरवली नाही, पुण्याहून आलेल्या मुलाने जाताना सोबत नेली, हे कळायला शुक्रवार उजाडला. आमच्या त्रिमूर्तीनगरात बातमी अशी हप्त्याहप्त्याने येते. पहिला हप्ता दूधवाला देतो, दुसरा माई.

माई आमच्या पलीकडच्या. मधल्या भिंतीवर त्यांचा गोडलिंब ओणवा झालेला आहे, आणि थंडीत तुरीच्या शेंगा आल्या की त्या परात घेऊन तिथेच उभ्या राहतात. एका हाताने शेंग सोलतात, दुसऱ्याने हातवारे करतात. मूळच्या अकोल्याच्या. सारा जन्म नागपुरात गेला, पण 'मले-तुले' काही सुटलं नाही.

"नेली म्हणजे? पुण्याला?"

"तं काय! एक नाही, दोन्ही किल्ल्या नेल्या. वरून म्हणते, बाबा, तुमचं आता वय झालं."

"आणि काका काय म्हणाले?"

"काय म्हणन तो माणूस? रोज सकाळी गाडी पुसून राहिला. चालवाले किल्ली नाही, पण पुसणं चालू आहे. काच बी पुसते, टायर बी पुसते."

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. दिवाळीनंतर काकांनी फाटकातून गाडी मागे घेताना समोरच्या मास्तरीणबाईंच्या कुंड्या उडवल्या. शेवंती भरात होती. कुंड्यांमागच्या भिंतीचा पोपडाही गेला. मग गल्लीचा निकाल लागला की काकांना दिसत नाही. मेडिकलवाला म्हणाला दिसत नाही, इस्त्रीवाला म्हणाला दिसत नाही, मुलाने पुण्याहून व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि तोही म्हणाला दिसत नाही.

मी मात्र तेव्हा पोर्चमध्ये होते. काकांना सगळं दिसतं. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झालेत. आमच्या दारावरची नंबरची पाटी ते त्यांच्या गच्चीवरून वाचतात. मी जे पाहिलं ते वेगळंच होतं. त्यांनी रिव्हर्स टाकला, मागे पाहायला मान वळवायला घेतली, आणि ती मध्येच अडली. हनुवटी खांद्यापर्यंत पोचलीच नाही. मग ते नुसत्या आरशावर विसंबून गाडी मागे नेत गेले. आणि मास्तरीणबाईंच्या कुंड्या आहेत गुडघाभर उंचीच्या. त्या आरशात यायच्या कशा?

"म्हणजे डोया नाही, मान," माई म्हणाल्या.

"मान. दोन वर्षांमागे तो पांढरा पट्टा घालून फिरत होते, आठवतं?"

"मंग लायसन कसं भेटलं त्याईले?"

आता हे माईंना समजावणं आलं. आपल्याकडे अमुक वय झालं की गाडी बंद, असा कायदा नाही. नव्वदीतही लायसन चालतं. एवढंच की ते वारंवार नवं करून घ्यावं लागतं. २०१९ साली मोटार वाहन कायदा बदलला, म्हणजे आपल्याच नागपूरच्या गडकरी साहेबांनी बदलवून घेतला, तेव्हापासून पंचावन्नच्या पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. चाळिशी ओलांडली की सोबत डॉक्टरचा दाखला लागतो, फॉर्म १-अ. मुदत संपून वर्ष उलटलं तर पुन्हा गाडी चालवून दाखवा.

त्या फॉर्मात डॉक्टरला काय विचारलंय ते मी वाचलं आहे. माणसाला लाल-हिरवा ओळखता येतो का. चांगल्या उजेडात पंचवीस मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता येते का. हॉर्न ऐकू येतो का. रातांधळेपणा आहे का. हातापायात गाडी चालवण्याच्या आड येणारं काही व्यंग आहे का. प्रश्न चांगलेच आहेत. पण काकांसारखा माणूस त्या सगळ्यांतून सरळ पास होतो, कारण त्याला दिसतं, ऐकू येतं आणि हातपाय शाबूत आहेत. खुर्चीत बसवून मागे वळून पाहा, असं त्याला कोणी म्हणत नाही. दहा पावलं झपझप चालून दाखवा, असंही नाही.

"चालून काहून दाखवाचं? गाडी तं बसून चालवतात."

इथे मला माझी भाची कामाला आली. ती फिजिओथेरपिस्ट आहे. तिने सांगितलं की अमेरिकेत डॉक्टरांसाठी एक मार्गदर्शक पुस्तिका आहे, म्हाताऱ्या चालकांना कसं तपासायचं याची, आणि तिच्यातल्या दोन तपासण्या घरच्या घरी होतात. पहिली चालण्याची. दहा फूट जायचं, वळायचं, दहा फूट परत यायचं, पडणार नाही इतपत घाईने. नऊ सेकंदांच्या वर लागले तर डॉक्टरने कान टवकारायचे. दुसरी मानेची. खुर्चीत बसायचं, सीटबेल्ट लावल्यासारखी पाठ टेकवायची, आणि मागे दहा फुटांवर टांगलेलं घड्याळ वळून वाचायचं.

चालण्याचा आणि ब्रेकचा संबंध असा की पाय उचलून दुसरीकडे ठेवणं ही दोन्हीकडे एकच हालचाल. चालताना जो पाय फरफटतो, तो ॲक्सिलरेटरवरूनही उशिराच उठतो. त्यात आपल्याकडे माणसं घरातल्या स्लिपरवर गाडी काढतात. टाच सुटलेली, तळवा घसरता. घोटा कडक झालेला असला की पाय वर उचलून ब्रेकवर ठेवण्याऐवजी नुसता सरकवला जातो, आणि सरकवलेला पाय कधी दोन पेडलांच्या मध्ये, कधी भलत्याच पेडलवर.

माईंनी परात भिंतीवर ठेवली. "मोज," म्हणाल्या.

त्यांच्या पोर्चमध्ये दोन-दोन फुटांच्या फरश्या आहेत, म्हणजे पाच फरश्या झाल्या की दहा फूट. मी भिंतीवरून मोबाइल धरला. माईंनी पदर खोचला, चपला काढल्या, आणि बाई सुटल्या. वळताना गोडलिंबाच्या फांदीला धरलं, ते मी मोजण्यात धरलं नाही. सात सेकंद.

मग मान. घड्याळ नव्हतं, मागच्या भिंतीवर कालनिर्णय होतं. "डावीकडून वळून तारीख सांगा." सांगितली. "आता उजवीकडून." उजवीकडून त्यांना नुसतं भिंतीवरचं पाल पकडायचं डिंकाचं पुठ्ठं दिसलं, कालनिर्णय काही दिसेना. कंबरेतून वळू लागल्या तर मीच थांबवलं.

"मंग मी स्कूटी चालवतो ते कसं?"

"उजवीकडे वळायच्या आधी काय करता?"

"थांबतो. उतरतो. पाहतो. मंग चालवतो." हे अगदी खरं आहे. प्रतापनगर चौकात माईंना गाडीवरून उतरून वळण घेताना साऱ्यांनी पाहिलं आहे. मागचे पोट्टे हॉर्न वाजवून थकतात. मला पूर्वी हसू यायचं, आता वाटतं की बाई स्वतःच्या मानेचा हिशेब आपणहून करतात, आणि तेवढा हिशेब काकांनी केला असता तर शेवंती वाचली असती.

दुचाकीचं एक बरं असतं, ती म्हातारपण लपवू देत नाही. डबल स्टँड लावताना कळतं. गाडी मागे ओढत उजवा पाय स्टँडवर दाबायचा, त्या एका क्षणाला अंगात किती उरलंय ते उघड होतं. आमच्या पिढीने किक मारायची चेतक चालवलेले नवरे पाहिलेत. एका बाजूला वाकवून, पेट्रोल खाली उतरवून किक मारायचे ते. एक दिवस किक दोनदा-तीनदा फुकट जायची आणि घरात ॲक्टिव्हा यायची. कोणाला काही सांगावं लागायचं नाही. चारचाकीत मात्र माणूस दार लावून बसला की बाहेरच्याला त्याची मान दिसत नाही, गुडघा दिसत नाही, आणि पॉवर स्टिअरिंगमुळे त्याला स्वतःलाही काही जाणवत नाही.

काकूंना मी हे सगळं त्यांच्या फाटकाशी सांगितलं. काका आतून ऐकत होते हे मला ठाऊक होतं, म्हणून जरा मोठ्यानेच सांगितलं. ते बाहेर आले. हातात पेपरचं कात्रण. निवृत्त बँक अधिकाऱ्याशी आकड्यांवरून वाद घालू नये.

"२०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली. त्यातले दोन तृतीयांश १८ ते ४५ वयाचे. माझ्या वयाचे किती ते सांगा. किल्ली नेऊन राहिले माझी! त्या सिमेंट रोडवर सायलेन्सर फाडत जातात त्यांची न्या नं."

काकांचं चुकत नव्हतं. चौकाचौकात पांढऱ्या केसांची माणसं फलक धरून उभी असतात, 'जनआक्रोश' या आपल्या नागपूरच्या संस्थेची. लाल दिव्यावर थांबा, हेल्मेट घाला, असं तरण्यांना सांगतात, आणि तरणे त्यांच्या अंगावरून गाडी काढतात. शिस्तीचा प्रश्न असता तर किल्ली उलट्या बाजूने जायला हवी होती. फक्त एक गोष्ट काकांच्या कात्रणात नव्हती. ज्या धडकेत पंचविशीतल्याचं मनगट मोडतं, तिच्यात पंचाहत्तरीतल्याच्या बरगड्या जातात. म्हातारी माणसं धडक कमी देतात, पण बसलेली सोसत नाहीत.

"काका, तुम्हाला व्यायाम सांगतेय मी, किल्ली मागत नाहीये," मी म्हटलं. मग त्यांना येल विद्यापीठाचं सांगितलं, कारण परदेशी विद्यापीठाचं नाव घेतलं की बँकवाले काका बसून ऐकतात. तिथे सत्तरीच्या पुढचे चालक घेतले. अर्ध्यांच्या घरी बारा आठवडे फिजिओथेरपिस्ट जाऊन मान, खांदे, कंबर, घोटे, पाय यांचे व्यायाम देत होते. उरलेल्यांना घरातली सुरक्षितता, गाडीची देखभाल अशी नुसती माहिती दिली. पुढे सगळ्यांना रस्त्यावर गाडी चालवायला लावली, शेजारी परीक्षक. ज्यांनी व्यायाम केला त्यांच्या गंभीर चुका दुसऱ्यांपेक्षा ३७ टक्के कमी निघाल्या. हे २००७ साली छापून आलं. म्हणजे सत्तरीनंतर मान पुन्हा वळायला लागते, नुसती पुण्याहून ओरडून मात्र वळत नाही.

काका काही बोलले नाहीत, पण त्यांनी हनुवटी खांद्याकडे नेऊन पाहिली. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

माईंची लेक लंडनला असते. त्यामुळे त्यांच्याकडे तिथल्या राजघराण्यातल्या बातम्या आमच्या गल्लीतल्यापेक्षा ताज्या असतात. "तुले तो राणीचा नवरा माहीत आहे का? सत्त्याण्णव वर्षांचा बुढा गाडी चालवे!"

खरी गोष्ट आहे. प्रिन्स फिलिप. जानेवारी २०१९ मध्ये सँड्रिंगहॅमजवळ मोठ्या रस्त्यावर येताना त्यांची लँड रोव्हर दुसऱ्या गाडीवर आदळून उलटली. त्या गाडीत दोन बाया आणि नऊ महिन्यांचं लेकरू. लेकरू वाचलं, एका बाईचं मनगट मोडलं. राजेसाहेब खरचटल्याशिवाय बाहेर. सूर्य डोळ्यांवर आला म्हणाले. दोन दिवसांत नवी गाडी आली आणि बुवा पुन्हा स्टिअरिंगवर, तेही पट्टा न लावता. पोलिसांनी समज दिली. शेवटी फेब्रुवारीत लायसन स्वतःहून परत केलं.

"राजाच्या घरी बी मुलाईले किल्ली काढता आली नाही," माई म्हणाल्या, "आपल्या काकूची काय बिशाद."

पण आता पाटबंधारेवाल्या काकांचं सांगते, म्हणजे व्यायामाचं भूत माझ्याच डोक्यातून थोडं उतरेल. ते आमच्या गल्लीचे पहिलवान. पहाटे अंबाझरीला जाऊन चालायचे, आणि तिथे जायला गाडी काढायचे नाहीत. (हेही सांगून टाकते, अर्धं नागपूर फिरायला म्हणून गाडीने जातं, वॉकर्स स्ट्रीटला पार्किंगवरून भांडतं, आणि बाकावर बसून पोहे खाऊन परत येतं.) तर या काकांची मान घुबडासारखी फिरते, पाय घोड्याचे. गेल्या वर्षी वर्धा रोडच्या डबलडेकर पुलाखाली छत्रपती चौकात हिरवा दिवा लागला तरी गाडी हलेना. मागे रांग. शिपाई आला. काका त्याला शांतपणे म्हणाले, "घर कुठल्या बाजूला आहे, तेवढं सांगता का?"

त्या दिवशी त्यांच्या बायकोने किल्ली काढून घेतली ती आजतागायत दिली नाही. कोणी तिला बोल लावला नाही. पाय धडधाकट आहेत म्हणून डोकंही असेलच, हा हिशेब चुकीचा. उलट अशा माणसाबद्दल घरचे जास्त बेसावध राहतात, कारण तो दिसतो तगडा. मान, घोटा, कंबर यांना बारा आठवडे देता येतात. रस्ता विसरणाऱ्याला एक आठवडाही देऊ नये.

जपानने हा फरक आपल्याआधी ओळखला. तिथे पंचाहत्तरीनंतर लायसन नवं करताना स्मरणशक्तीची परीक्षा असते. एप्रिल २०१९ मध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात सत्त्याऐंशी वर्षांच्या चालकाने ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला आणि एक आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी गेली. गाडीच बिघडली होती, असं तो म्हणत राहिला. कोर्टाने मानलं नाही. त्या वर्षात तिथल्या सहा लाख लोकांनी लायसन आपणहून परत केलं. परत करणाऱ्याला सरकार एक कार्ड देतं, ते दाखवलं की बस-टॅक्सीत सवलत.

आपल्याकडे लायसन परत केलं तर काय मिळतं? पंचाहत्तरीच्या पुढे एसटी फुकट आहे, २०२२ च्या ऑगस्टपासून. पण एसटी काही त्रिमूर्तीनगरातून गोकुळपेठच्या भाजीबाजारात जात नाही.

आणि खरं दुखणं इथेच आहे, जे मुलाच्या ध्यानात आलं नाही. किल्ली गेली ती एकट्या काकांची नाही. काकू चाळीस वर्षं डावीकडच्या सीटवर बसल्या. मंगळवारचं भजन, बहिणीचं मानेवाडा, दाताचा दवाखाना, सक्करदऱ्यातलं लग्न, सगळं काकांच्या ब्रेकवर. किल्ली पुण्याला गेली आणि महिनाभर ही बाई घराच्या बाहेर पडली नाही. ऑटोवाला लांबून दिसला तरी हात करायची सवय नाही. मोबाइलवरून गाडी बोलवावी तर ड्रायव्हर फोन करून विचारतो, "लोकेशन कहाँ है?" आणि काकू घाबरून फोन काकांकडे देतात, काका त्याच्यावर चिडतात, तो ट्रिप कॅन्सल करतो.

एकदा मीच त्यांना मेट्रोत नेलं. सुभाषनगर स्टेशनवरून ॲक्वा लाइन पकडली की झाशी राणी चौक काही लांब नाही. लिफ्ट होती, सरकता जिना होता, डब्यात बसायला जागा मिळाली. अंबाझरीचा तलाव खिडकीतून दिसला तेव्हा काकू म्हणाल्या, "ह्यांनी मला हे कधी दाखवलंच नाही." गंमत पाहा, मेट्रोचे पूर्ण मार्ग आणि शिर्डीपर्यंतचा समृद्धी महामार्ग, दोन्हींचं उद्घाटन नागपुरात एकाच दिवशी झालं, ११ डिसेंबर २०२२. काकांनी त्यातला समृद्धी उचलला. पाचशेवीस किलोमीटर सरळ रस्ता, एकशेवीसची मर्यादा, शिर्डीला जाऊन आले आणि वर्षभर सांगत होते. काकूंना मेट्रो माहीतही नव्हती. मेट्रोचा त्रास एवढाच की घरापासून स्टेशनपर्यंत जायचं कसं. आमचा सिमेंट रोड बाजूच्या मातीपेक्षा वीतभर उंच आहे, फुटपाथ कुठे आहे आणि कुठे नाही. गुडघेदुखीवालीने त्या कडेवरून उतरून चढणं हीच एक परीक्षा.

पुढचं आता कालचं आहे. भाचीने काकांना व्यायाम लावून दिलेत, रोज सकाळी ते पोर्चमध्ये खुर्चीवर बसून मान वळवतात. कालनिर्णयाचा महिना उजवीकडून वाचता येतो, तारीख अजून नाही. त्यांच्यात आणि काकूंच्यात तहही झालाय. अंधार पडल्यावर गाडी नाही, समृद्धी नाही, स्लिपर नाही, आणि फाटकातून मागे घेताना काकू खाली उतरून उभ्या राहणार. साठीतल्या डोळ्यात विशीतल्याच्या साधारण तिसरा हिस्सा उजेड पोचतो, हे ऐकल्यावर रात्रीचं कलम काकांनी स्वतःच घातलं. मास्तरीणबाईंकडे दोन नव्या शेवंत्याही पोचल्या.

"पण किल्ली?" मी विचारलं.

माईंनी आजूबाजूला पाहिलं. भिंतीवर कोपर टेकवून पुढे झाल्या.

"किल्लीची गरजच काय? काकूनं लर्निंग लायसन काढलं."

"कोणी?"

"काकूनं! सासष्टाव्या वर्षी. वयाची काही अट नाही म्हणे. आधार होतं, तं घरीच कॉम्प्युटरवर परीक्षा देल्ली. काकानं साऱ्या पाट्याईचे चित्रं पाठ करून घेतले. परवापासून ड्रायव्हिंग स्कूलची गाडी येते सकाळी सहाला, गल्लीच्या तोंडाशी उभी राहते, दारात नाही येत. दोन्हीकडं ब्रेक असते त्या गाडीले."

"आणि काका?"

"मागच्या सीटवर. मान वळवून रस्ता पाहते म्हणे, व्यायाम बी होते." माईंनी परात उचलली. "सहा महिने चालते ते लर्निंग. महिन्यानं पक्क्याची टेस्ट. पण तू कोठी बोलू नको, बाई. पोरगा संक्रांतीले येऊन राहिला, अन् त्याले अजून काहीच माहीत नाही."